जाहिरात आणि अस्तेय

दुकानदाराने दिलेली फसवी जाहिरात हा खोटे बोलण्याचा दोष मानायचा की चोरीचा? प्रश्न वरवर काथ्याकूट वाटतो, पण त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. खोटेपणा मानला तर तपासणी वाक्याची होते: पाटीवरचे शब्द खरे होते की नव्हते? चोरी मानली तर तपासणी व्यवहाराची होते: गिऱ्हाइकाच्या खिशातून जे गेले, ते त्याने समजून-उमजून दिले होते का? पहिल्या कसोटीतून हुशार व्यापारी सहज सुटतो, कारण एकही खोटा शब्द न वापरता माणसाला फसवता येते. दुसऱ्या कसोटीतून सुटणे अवघड असते. जैन आचारशास्त्राने पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी दुसरी कसोटी निवडली. भारतीय कायदा मोठा वळसा घेऊन गेल्या चाळीस वर्षांत तिच्याजवळ आला आहे.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू कबनूरसारख्या गावात एकाच घरात सापडतात. हातकणंगले तालुक्यातले हे गाव इचलकरंजीला इतके लागून आहे की शहराची हद्द कुठे संपली हे परक्याला कळत नाही. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळाने तो धंदा रुजला आणि पुढे आसपासच्या गावांत पसरला. इथला माणूस कापड विणतो आणि दुकानात जाऊन कापड विकतही घेतो. माग चालवणारा कामगार कापडावर बोट फिरवून सूत कसले, पीक (आडव्या धाग्यांची दाटी) किती, पन्ना (रुंदी) किती हे सांगू शकतो. ‘शुद्ध सुती’ची पाटी त्याला फसवू शकत नाही. पण तोच कामगार मोबाइल, शेगडी, औषध किंवा मुलीच्या लग्नाचा दागिना घ्यायला जातो तेव्हा त्याचे बोट निरुपयोगी ठरते. तिथे त्याला पाटीवर, पत्रकावर आणि दुकानदाराच्या शब्दावर विसंबावे लागते. एका व्यवहारातला जाणकार दुसऱ्या दहा व्यवहारांत अजाण असतो. ‘गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवावेत’ हा व्यापाऱ्यांचा जुना युक्तिवाद म्हणूनच अपुरा आहे. डोळे उघडे असतात. पण बघायचे काय, हे प्रत्येक मालाबाबत ठाऊक असणे कोणालाच शक्य नाही.

याच तालुक्यात कुंभोजजवळ बाहुबलीचे क्षेत्र आहे. तिथली बाहुबलीची अठ्ठावीस फुटी संगमरवरी मूर्ती १९६३ साली उभी राहिली. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या पट्ट्यात शेती आणि व्यापार करणारा दिगंबर जैन समाज मोठा आहे. गृहस्थ श्रावकाने पाळायच्या अणुव्रतांची चर्चा म्हणून इथे पोथीपुरती राहत नाही. ती पेढीवर बसणाऱ्या माणसाला उद्देशून केलेली आहे आणि तो माणूस याच भागात राहतो.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात पाच व्रतांपैकी प्रत्येकाचे पाच-पाच अतिचार, म्हणजे व्रत उघडपणे मोडले नाही तरी त्याला डाग लावणारे दोष, सांगितले आहेत. अस्तेय म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचे पाच अतिचार बाजाराच्या दृष्टीने फार बोलके आहेत. चोराला चोरीला लावणे आणि चोरीचा माल घेणे हे पहिले दोन. ते कोणालाही पटतील. तिसरा विरुद्धराज्यातिक्रम: राज्याने घातलेली मर्यादा ओलांडून केलेला व्यापार. चौथा हीनाधिकमानोन्मान: घेताना मोठे माप आणि देताना लहान. पाचवा प्रतिरूपक व्यवहार: अस्सलाच्या जागी त्याच्यासारखे दिसणारे काहीतरी देणे. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत याचा अर्थ कृत्रिम सोने वगैरे वापरून केलेला फसवणुकीचा व्यवहार असा दिला आहे. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारातही यादी जवळपास हीच आहे. तिथे पाचव्याच्या जागी सारख्या दिसणाऱ्या वस्तूंची भेसळ येते.

सत्यव्रताचे अतिचार या यादीहून वेगळे आहेत. खोटा उपदेश, गुपित फोडणे, खोटा दस्तऐवज करणे, ठेव बुडवणे असे दोष तिथे येतात. म्हणजे या आचार्यांपुढे दोन खाती उघडी होती आणि नकली मालाचा व्यापार त्यांनी विचारपूर्वक चोरीच्या खात्यात टाकला. शब्दांतून झालेला अपराध कोणता आणि वस्तू व पैशाच्या देवाणघेवाणीतून झालेला कोणता, हा फरक त्यांनी पाहिला होता.

यावर एक गंभीर आक्षेप निघतो. तत्त्वार्थसूत्रातली चोरीची व्याख्या ‘न दिलेले घेणे’ अशी आहे. पण दुकानात येणारे गिऱ्हाईक पैसे स्वतःच्या हाताने मोजून देते. कोणी खिसा कापत नाही, कुलूप तोडत नाही. मग जे दिले गेले ते ‘न दिलेले’ कसे? उत्तर दानाच्या स्वरूपात आहे. देणारा नुसते पैसे देत नाही, एका विशिष्ट वस्तूच्या बदल्यात देतो. अस्सल पैठणीसाठी म्हणून दिलेले पैसे नकली पैठणीसाठी दिलेले नसतात. हात पुढे झाला, पण संमती त्या व्यवहाराला नव्हतीच. प्रतिरूपक व्यवहार चोरीत बसतो तो एवढ्याचसाठी, आणि या उत्तरात कुठेही ओढाताण नाही.

१८७२ चा भारतीय करार कायदाही इथवर येतो. लबाडीने किंवा चुकीच्या निवेदनाने मिळवलेली संमती मुक्त नसते आणि असा करार फसलेल्या पक्षाला रद्द करता येतो, असे तो सांगतो. पण पुढे तो मागे सरतो. बोलणे बंधनकारक नसेल तर नुसते गप्प राहणे ही लबाडी नव्हे, असे त्यात स्पष्टीकरण आहे. आणि साधी दक्षता घेऊन खरे शोधता आले असते, तर अशा मौनाने फसलेल्या गिऱ्हाइकाचा करार रद्द करण्याचा हक्क जातो. १९३० च्या मालविक्री कायद्यातही मूळ नियम खरेदीदाराने स्वतः जपावे हाच आहे, मग त्याला अपवाद दिले आहेत. हे कायदे समोरासमोर बसून मालाची घासाघीस करणाऱ्या दोन व्यापाऱ्यांसाठी लिहिले गेले. हजारो घरांत एकाच सकाळी वर्तमानपत्रातून पडणाऱ्या पत्रकाची कल्पना त्यांच्या मागे नव्हती.

खरी अडचण सत्य शब्दांची आहे. एका सदऱ्याच्या चिठ्ठीवर कमाल किरकोळ किंमत २,९९९ रुपये छापलेली आहे आणि दुकानाची पाटी ‘६६ टक्के सूट, फक्त ९९९’ असे म्हणते. छापील किंमत खरी, वजाबाकी बरोबर, टक्केवारीही बरोबर. पण तो सदरा कधीच, कुठेच २,९९९ रुपयांना विकला गेला नसेल तर? प्रत्येक आकडा तपासात टिकतो आणि तरीही गिऱ्हाइकाच्या मनात एक खोटी गोष्ट उभी राहते: ही वस्तू एरवी महाग असते आणि आज स्वस्तात मिळते आहे. ‘५० टक्क्यांपर्यंत’ मधले ‘पर्यंत’ बारीक अक्षरात येते, तेव्हाही हेच घडते. ‘शेवटचे दोन दिवस’ ही पाटी दोन महिने हलत नाही, तेव्हा मात्र ती सरळ खोटीच असते आणि तिच्याबद्दल तत्त्वचर्चेची गरज नाही.

न्यायदर्शनातला छल याच जातीचा आहे. वक्त्याच्या शब्दाचा दुसरा संभाव्य अर्थ धरून त्याला कोंडीत पकडणे हा वादातला दोष मानला गेला. न्यायसूत्रात छल करणारा ऐकणारा असतो; जाहिरातीत तो बोलणारा असतो. गिऱ्हाईक एक अर्थ घेणार हे ठाऊक असून जाहिरातदार बचावासाठी दुसरा राखून ठेवतो. ‘अटी लागू’ ही बहुतेकदा त्या राखीव अर्थाची जागा असते.

मग जाहिरातीने थोडेही वाढवून बोलू नये का? इथे मीमांसकांचा एक विचार उपयोगी पडतो. वेदातल्या स्तुतिपर वाक्यांना ते अर्थवाद म्हणतात. अशा वाक्यांचे काम माहिती देण्याचे नसून सांगितलेल्या कर्माकडे मन वळवण्याचे असते, म्हणून त्यांची शब्दशः सत्यता तपासायची नसते. ‘चहा असावा तर असा’, ‘मन प्रसन्न करणारा सुगंध’ ही वाक्ये अर्थवादाच्या जातीची आहेत. ऐकणाऱ्याला ती स्तुती आहे हे कळते आणि न्यायालयेही जाहिरातीतल्या अशा फुगवलेल्या कौतुकाला सहसा हात लावत नाहीत. पण किंमत, वजन, धाग्याचे प्रमाण, मुदत, हमी, उगमस्थान ही सगळी वस्तुस्थितीची विधाने आहेत. ती ऐकून माणूस पैसे काढतो. त्यांना स्तुतीचे संरक्षण देणे म्हणजे दुकानदाराने स्वतःच्या सोयीसाठी शास्त्र वाकवणे होय.

कायद्याने ही रेघ ओढायला १९८४ उजाडावे लागले. १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा कायदा मोठ्या उद्योगांच्या मक्तेदारीवर रोखलेला होता. सामान्य गिऱ्हाइकाच्या फसवणुकीला त्यात जागा नव्हती. सच्चर समितीने १९७८ च्या अहवालात ही उणीव दाखवली आणि १९८४ च्या दुरुस्तीने ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ही संकल्पना कायद्यात आली. महाराष्ट्रात त्याआधीच ग्राहक संघटित होऊ लागले होते: बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. आज त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. तो जुलै २०२० पासून लागू आहे.

या प्रवासातला एक निर्णय तात्त्विक दृष्टीने फार मोलाचा आहे. नोव्हिनो बॅटरीच्या जाहिरातीत जपानच्या नॅशनल पॅनासोनिकच्या सहकार्याचा उल्लेख होता. प्रत्यक्षात सहकार्य करणारी कंपनी मात्सुशिता इलेक्ट्रिक होती. नॅशनल आणि पॅनासोनिक ही तिच्या मालाची नावे होती. शब्द धरून पाहिले तर विधान चूक होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली लखनपाल नॅशनलच्या या प्रकरणात ठरवले की सामान्य वाचकाच्या मनात वस्तुस्थितीहून वेगळी समजूत तयार होते का, हे पाहायचे. इथे ती होत नव्हती. लोक ती नावे त्याच कंपनीची म्हणून ओळखत होते. निर्णय कंपनीच्या बाजूने लागला, पण त्यातली कसोटी दोन्हीकडे चालते. शब्द चुकूनही माणूस फसला नाही, तर दोष नाही. मग शब्द बरोबर असूनही माणूस फसला, तर दोष आहेच. तपासणी वाक्यावरून व्यवहारावर सरकली ती इथे.

२०१९ च्या कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या या कसोटीला धरून आहे. वस्तूचे खोटे वर्णन, खोटी हमी, स्वरूप, प्रमाण किंवा दर्जाबाबत दिशाभूल होईल असे काहीही, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणे हे सारे तिच्यात येते. वस्तू एरवी कोणत्या किमतीला विकली जाते याबद्दल लोकांची मोठी दिशाभूल करणे हीही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तो ६६ टक्क्यांचा सदरा इथे सापडतो. माल सवलतीत विकायचा इरादाच नसताना, किंवा पुरेसा साठा नसताना सवलतीची जाहिरात देणे यालाही तेच नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा आमिष-जाहिरातींचे नियम घालून दिले. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि सहज दिसेल असा हवा, हेही सांगितले. मराठी पत्रकावर कोपऱ्यात इंग्रजीत अटी छापणाऱ्या दुकानांना ही सूचना ठाऊक असायला हवी.

सवलतीच्या जाहिरातीबद्दल राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २०१७ चा एक निर्णय दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनीही लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका नामांकित कंपनीच्या दुकानाने सरसकट ४० टक्के सूट जाहीर केली आणि सवलतीच्या किमतीवर आणखी मूल्यवर्धित कर लावला. पाटीवर कर वेगळा असल्याचे म्हटले होते, हा बचाव आयोगाने मानला नाही. कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात. सूट त्या किमतीवर आहे म्हटल्यावर गिऱ्हाइकाच्या हाती पूर्ण ४० टक्के पडले पाहिजेत. गिऱ्हाइकाने काय समजून पैसे दिले, हा प्रश्न इथे निर्णायक ठरला.

मौनाचा प्रश्न मुस्लिम धर्मशास्त्राने जितक्या ठोसपणे सोडवला आहे तितका क्वचितच कुठे सोडवला गेला असेल. कबनूर-इचलकरंजीत माग चालवणाऱ्यांत मुस्लिम कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. कुराणातली ८३ वी सूरा माप मारणाऱ्यांच्या नावानेच ओळखली जाते. हदीसमध्ये एक प्रसंग आहे: पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असा त्यांचा सवाल होता. विक्रेता एक शब्दही खोटे बोलला नव्हता. त्याहून नेमका नियम दुभत्या जनावराचा आहे. विकण्याआधी काही काळ दूध न काढता कास फुगवून दाखवणे, याला अरबीत तस्रिया म्हणतात आणि ते निषिद्ध आहे. असे जनावर घेणाऱ्याला तीन दिवसांची मुभा आहे. परत करायचे झाल्यास काढलेल्या दुधाबद्दल एक माप खजूर द्यायचे. म्हशींचा बाजार पाहिलेल्या कोल्हापूरकराला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. फुगलेली कास ही जाहिरातच आहे. तिच्यावर उपाय म्हणून माल परत करण्याचा हक्क दिला गेला, हेही महत्त्वाचे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष मालाबाबत ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा बिलावरचा शिक्का दुकानदाराला वाचवू शकत नाही.

जाहिरातीत चेहरा देणाऱ्या प्रसिद्ध माणसांचा प्रश्न थोडा निराळा आहे. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानते, पण फक्त आप्ताच्या शब्दाला. वात्स्यायनांच्या भाष्यात आप्त तो, ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी पाहिली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सर्वांना सारखीच लागू आहे, असे ते म्हणतात. मोठेपण, रूप किंवा कीर्ती यांना त्यात स्थान नाही. २०२२ च्या सूचनांची अपेक्षाही हीच आहे: शिफारस करणाऱ्याचे मत प्रामाणिक, त्या वेळचे आणि वस्तूच्या पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेले असावे. दाव्याची खातरजमा न करता शिफारस केली तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्या व्यक्तीला दहा लाखांपर्यंत दंड करू शकते आणि एक वर्षापर्यंत जाहिराती करण्यास मनाई करू शकते. पुन्हा तोच अपराध झाला तर दंड पन्नास लाखांपर्यंत आणि मनाई तीन वर्षांपर्यंत जाते.

शासनाने बाजारात कितपत शिरावे, यावर कौटिल्याचे मत कठोर होते. अर्थशास्त्राचे चौथे अधिकरण, कंटकशोधन, समाजाला टोचणाऱ्या काट्यांबद्दल आहे. चोर या नावाने न ओळखले जाणारे चोर, असे वर्णन करून तिथे व्यापारी आणि कारागीर यांच्यावर नजर ठेवायला सांगितले आहे. संपूर्ण वर्गावर असा शिक्का मारणे अन्यायाचे आहे आणि आजच्या कोणत्याही कायद्याने ते करू नये. पण ‘नाव नसलेला चोर’ ही ओळख जैन यादीशी जुळते. कौटिल्याने दंडही मोजून दिले आहेत. लाकूड, लोखंड, कातडे, माती, सूत अशा जिनसांचा हलका माल उत्तम म्हणून विकला तर किमतीच्या आठपट दंड. एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणचा म्हणून विकणे हाही वेगळा अपराध धरला आहे.

हा शेवटचा अपराध पश्चिम महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा आहे. सोलापुरी चादरीच्या नावाने परगावी विणलेल्या चादरी विकल्या जातात, ही सोलापूरच्या विणकरांची जुनी तक्रार आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांचा तो हक्क आहे. कुठल्याही कारखान्यात ठोकलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली जाते तेव्हा गिऱ्हाईक फसते आणि कारागिराची मजुरीही जाते. अशा चोरीचे बळी दोन असतात, आणि दुसऱ्या बळीला बिल मिळत नाही, म्हणून तो सहसा कोणाच्या मोजदादीत येत नाही.

यंत्रमागाच्या गावाला यातली एक अवघड बाजूही पाहावी लागते. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने काही कापडप्रकार फक्त हातमागासाठी राखून ठेवले. मूळची बावीस प्रकारांची यादी पुढे अकरावर आली. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली तो कायदा वैध ठरवला. यंत्रमागधारकांच्या मनात या कायद्याबद्दल नाराजी आहे आणि तिला कारणेही आहेत. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. मागावर कोणता प्रकार विणावा हा धोरणाचा वाद आहे. तो बदलून घेता येईल. यंत्रमागावरची साडी हातमागाची म्हणून विकणे हा धोरणाचा प्रश्न नव्हे, तो प्रतिरूपक व्यवहार आहे. खर्चीवाला, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारा, माग चालवतो, पिकावर मजुरी घेतो आणि कोरे कापड व्यापाऱ्याच्या हवाली करतो. पुढे प्रक्रिया होऊन त्यावर कोणती चिठ्ठी लागते हे त्याच्या हातात नसते. नैतिक दोष चिठ्ठी लावणाऱ्याचा आहे. विणणाऱ्याला त्यात ओढणे चूक आहे.

अंमलबजावणी दुबळी पडण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कबनूरच्या एखाद्या यंत्रमाग कामगाराचे फसव्या सवलतीत तीनशे रुपये गेले, तर ते मिळवण्यासाठी कोल्हापूरला हेलपाटे घालून तो दिवसाची मजुरी का बुडवेल? तो गप्प राहतो. त्याच्यासारखे हजार जण गप्प राहतात आणि दुकानदाराच्या गल्ल्यात तीन लाख जमा होतात. तक्रारदार पुढे येईल तेव्हाच जागा होणारा न्याय या चोरीपुढे हतबल असतो. व्रताचा विचार इथे वेगळा चालतो. अतिचार करणाऱ्याला लागतो. फसलेल्याने तक्रार केली की नाही याने तो कमी-जास्त होत नाही. म्हणूनच एका तक्रारदाराऐवजी सगळ्या ग्राहकवर्गाच्या वतीने उभी राहणारी यंत्रणा नीतीच्या दृष्टीनेही आवश्यक होती. २०२० पासूनचे केंद्रीय प्राधिकरण तशी यंत्रणा आहे: ते स्वतःहून चौकशी करते, जाहिरात थांबवते किंवा बदलायला लावते, दंड करते. मात्र ते दिल्लीत बसते, आणि कबनूरच्या चौकातला फ्लेक्स दिल्लीहून दिसत नाही. कायद्याने ही पोकळी ओळखून जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या हद्दीत चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल देण्याचा अधिकार दिला आहे. तो नियमितपणे वापरला जायला हवा. दिवाळी, ईद आणि लग्नसराईच्या आधी वैध मापन निरीक्षक काटे तपासतात, तसेच सवलतीच्या पाट्याही तपासल्या गेल्या, तर निम्म्या पाट्या आपोआप खाली उतरतील.

दंडाच्या भीतीने आलेला प्रामाणिकपणा धर्म म्हणावा का? जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने १७८५ साली अशाच एका दुकानदाराचे उदाहरण घेतले होते. तो लहान मुलालाही योग्य भावात माल देतो, पण धंद्याची पत टिकावी म्हणून. कान्टच्या मते त्याच्या वागण्याला नैतिक मोल नाही. महाभारताच्या शांतिपर्वातला काशीचा दुकानदार तुलाधार दुसऱ्या टोकाला उभा आहे. केसांत पक्ष्यांनी घरटे बांधेपर्यंत निश्चल तप केलेला जाजली गर्वाने फुलतो, तेव्हा तू तुलाधाराची बरोबरी करू शकत नाहीस, असे त्याला सांगितले जाते. तुलाधाराकडे दाखवण्यासारखे तप नाही. आपला तराजू सर्वांना सारखा आहे आणि आपण कपटाने विकत नाही, एवढेच तो सांगतो. संपूर्ण उपदेश पेढीवर बसून होतो. पण कायद्याला तुलाधार घडवायचा नसतो. गिऱ्हाइकाचे पैसे कपटाने जाऊ नयेत एवढे त्याचे काम आहे, आणि कान्टचा हिशेबी दुकानदार त्यासाठी पुरेसा आहे. श्रावकाच्या यादीतला तिसरा अतिचार, राज्याची मर्यादा ओलांडण्याचा, दोन्हींना जोडतो: व्यापाराचा न्याय्य नियम मोडणे हे व्रतधारी व्यापाऱ्यासाठीही चोरीच्या जवळचेच आहे. जो पेढीवर रोज पूजा करतो आणि पाटीवर फुगवलेली छापील किंमत खोडून दाखवतो, त्याचे व्रत त्या पाटीवरच भंगते.

गिऱ्हाइकाच्या हातात आज पूर्वीपेक्षा जास्त साधने आहेत. खरेदी करताना पक्के बिल मागावे. ते न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सवलतीचे पत्रक किंवा पाटीचा फोटो बिलासोबत दोन वर्षे जपून ठेवावा, कारण तक्रारीची मुदत तेवढी आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, ती राहत्या जिल्ह्यात आणि घरबसल्या ऑनलाइनही दाखल करता येते, आणि एकाच जाहिरातीने फसलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्धचा लेखी अर्ज कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येतो.